दोन बोटांचा निबंध

शिबिराचं पूर्ण नाव ‘उदयोन्मुख नेतृत्व व विद्वत्ता उन्हाळी शिबिर’ असं होतं. ते न अडखळता म्हणता येणं ही बहुधा पहिली पात्रता असावी. विद्यापीठाची मुलं सुट्टीला घरी गेली की वसतिगृहं ओस पडतात, आणि ओस खोल्या नुसत्या भाड्याने देण्यापेक्षा त्यांच्यात भविष्य घडवलेलं बरं दिसतं, हे फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात शाळेचं शेवटचं वर्ष नुकतंच संपवलेली साठ हुशार मुलं इथे येत, तीन आठवड्यांत नेते होत आणि चौथ्या आठवड्यात घरी जाऊन दुपारी बारापर्यंत झोपत.

साठांतली अठ्ठेचाळीस फी भरून आलेली असत. उरलेली बारा फुकट, पण तिथे फुकट म्हणायची पद्धत नव्हती. त्यांना ‘प्रेरणा-विद्यार्थी’ म्हणत. प्रेरणा त्यांनी घ्यायची की द्यायची, यावर माहितीपत्रक गप्प होतं. या बारांपैकी एकाला समारोपाच्या दिवशी संचालकांचं शिफारसपत्र मिळे. ते हातात असलं की याच विद्यापीठाचा अभियांत्रिकी विभाग प्रवेशपरीक्षा घेत नसे आणि चार वर्षं फीही मागत नसे. बाकीच्या अकरा जणांना प्रमाणपत्र आणि कापडी पिशवी.

लिफ्टवाल्याच्या मुलीला पिशवी नको होती. घरात पिशव्या भरपूर आहेत, मी पत्र घेऊनच येते, असं तिने निघताना आईला सांगितलं होतं, आणि आईनेही, मिळालीच तर पिशवीही आण, असं सांगून व्यवहार मिटवला होता.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायची, बॅटरी धरायची आणि काय ऐकू येतंय ते सांगायची. त्यामुळे पहिल्या दिवशी संचालकांनी जेव्हा प्रत्येकाला ‘आपली ओळख सांगणारी एक वस्तू’ काढून दाखवायला सांगितली, तेव्हा कुणी पदकं काढली, कुणी व्हायोलिन काढलं, एकाने आजोबांचा चष्मा काढला (आजोबा बाहेर गाडीत बसून तो परत मिळण्याची वाट बघत होते), आणि हिने बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात राहून गेलेला पाना काढला. संध्याकाळपर्यंत तिचं नाव पाना पडलं होतं. तिला ते आवडलं. व्हायोलिनवाल्याला नुसतं व्हायोलिनच म्हणत होते, त्यापेक्षा हे सुटसुटीत होतं.

पहिला आठवडा नेतृत्वात गेला. साठ नेत्यांना एकत्र ठेवलं की काय होतं, ते एका टेबलामुळे कळलं. सभागृहातलं लांब टेबल शेजारच्या खोलीत न्यायचं होतं. चौदा जणांनी दिशा दाखवली, नऊ जणांनी उद्दिष्ट काय ते विचारलं, तिघांनी सगळ्यांचं मत घ्यायला सुरुवात केली. शेवटी पाना आणि आणखी दोन प्रेरणा-विद्यार्थ्यांनी ते उचलून नेलं. गटाच्या अहवालात याची नोंद ‘कामाचं यशस्वी वाटप’ अशी झाली.

मग विश्वासाचा तास. डोळे मिटून पाठीमागे पडायचं आणि मागच्यांनी झेलायचं. पानाची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटण्याआधी मागे वळून बघितलं. झेलणारे चौघं होते, त्यातले दोघं गप्पा मारत होते. तिने पुस्तकांनी भरलेली आपली बॅग त्यांच्या दिशेने सोडली. बॅग जमिनीवर पडली. शिकवणारे सर नाराज झाले. विश्वासाची अशी परीक्षा घ्यायची नसते, म्हणाले. मग परीक्षा कशाची घेतात, असं तिने विचारलं. हे उद्धटपणाने विचारलेलं नव्हतं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पण अशा प्रश्नांचा आवाज दोन्ही बाबतींत सारखाच येतो.

दुसऱ्या आठवड्यात निबंध आला. खरं शिबिर हेच होतं. आधीचं सगळं निबंधात घालायला काहीतरी असावं म्हणून. निबंधाचं नाव ‘माझं वळण’. त्यात संकट असावं लागे, संकटावर मात असावी लागे आणि शेवटच्या परिच्छेदात नेतृत्व असावं लागे. समारोपाला देणगीदारांसमोर बारा प्रेरणा-विद्यार्थी आपापलं वळण मोठ्याने वाचत, आणि पत्र कुणाला द्यायचं ते त्यावर ठरे. भिंतीवर निबंधबाईंनी संकटांचा तक्ता लावला होता. पहिल्या श्रेणीत मृत्यू, मोठं आजारपण, घरच्यांचं अपंगत्व, देश सोडावा लागणं. दुसऱ्या श्रेणीत घटस्फोट, धंदा बुडणं, घर जळणं. विमा नसेल तर घर जळणं पहिल्या श्रेणीत. तिसऱ्या श्रेणीत शाळा बदलणं, तोतरेपणा आणि जाड चष्मा.

फी भरून आलेल्यांचे हाल बघवत नव्हते. निबंध त्यांनाही लिहायचा होता आणि त्यांच्या घरी काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. बिल्डरच्या मुलाने पोहण्याचा तलाव एक उन्हाळाभर बंद होता यावर दीड पान लिहिलं होतं. पानाच्या खोलीत राहणारी मुलगी, जिला सगळे डॉक्टरीण म्हणत कारण तिचे आईबाप डॉक्टर होते आणि ती होणार होती, तिचे चारही आजी-आजोबा ठणठणीत होते. त्यातल्या एका आजीने तर फोनवर, माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांग, असं विचारलंही होतं. शेवटी आजीची एक चुलत बहीण सापडली, जी वारली होती. तिला निबंधात सख्खी करण्यात आली. सकाळी नाश्त्याआधी सगळे जण व्हरांड्यात वाचनाचा सराव करत, त्यामुळे सात ते आठ त्या मजल्यावर शोक चाले आणि आठ वाजता ऑम्लेट.

“तुला काय काळजी,” डॉक्टरीण पानाला म्हणाली. “तुझ्या बाबांची बोटं गेलीयत.”

तिने हे मत्सराने म्हटलं होतं, आणि डॉक्टरीण स्वभावाने वाईट मुलगी नव्हती. त्या मजल्यावर तेव्हा भाव तसाच चालू होता.

बोटांची बातमी अर्जातून फुटली होती. फुकट जागेच्या अर्जात ‘कुटुंबावर आलेलं सर्वांत मोठं संकट’ असा एक चौकोन होता. तो लिफ्टवाल्याने स्वतः भरला, आणि त्याला भरायची जी एकच रीत ठाऊक होती तिने भरला. प्रत्येक लिफ्टपाशी एक वही असते. तिच्यात मेकॅनिकने बिघाड, कारण, उपाय आणि शेरा लिहायचा असतो, खोटं लिहायचं नसतं, कारण पुढचा माणूस त्या वहीच्या भरवशावर दोरांखाली जाऊन उभा राहतो. त्याने लिहिलं होतं:

‘बिघाड: डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट गेलं. कारण: स्वतःची चूक. पुलीवर काम करताना मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं नाही. वर कुणाला घाई होती म्हणून वॉचमनने चालू केला. वॉचमनची चूक नाही, त्याला सांगितलेलं नव्हतं. उपाय: तेव्हापासून कुलूप लावतो, किल्ली खिशात ठेवतो. शेरा: लिफ्ट त्याच दिवशी दुसऱ्या मेकॅनिकने चालू केली.’

संचालकांनी हे वाचलं आणि म्हणे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. संचालक आयुष्यभर माईकसमोर बोललेले गृहस्थ होते. आता चार माणसांच्या खोलीतही ते मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलत. त्यांनी तिथल्या तिथे समारोपाची स्मरणिका छापायला दिली. तिच्यात पान नऊवर, लिफ्टवाल्याच्या मुलीच्या नावासमोर, निबंधाचं शीर्षक छापलं गेलं: ‘तीन बोटांची झेप’. निबंध तोपर्यंत लिहिला गेला नव्हता. पण दरवर्षी असंच करत. शीर्षक आधी पक्कं असलं की मुलं भरकटत नाहीत.

पाना भरकटली. तिने लिफ्टच्या आवाजावर लिहिलं. लिफ्ट आधी कानाने तपासायची असते. ब्रेक घासत असेल तर सुटताना आवाज येतो, दोर घसरत असेल तर थांबताना. दाराचा रूळ झिजला असेल तर एकाच मजल्यावर येतो. आणि सगळ्यांत वाईट आवाज म्हणजे नेहमीचा आवाज न येणं. सातशे शब्द होते. तिने ते तीन वेळा लिहून काढले होते.

निबंधबाईंनी कागद वाचून खाली ठेवला. बाई पन्नाशीच्या, आधी शाळेत शिकवायच्या, आणि लाल पेन अजून छातीशी लावून फिरायच्या.

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या. “पण यात कुणाला काय झालं?”

“कुणालाच काही झालं नाही, मॅडम. म्हणूनच तपासतात.”

बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. यात वळण नाही. शीर्षक छापून आलंय. बोटं दुसऱ्या परिच्छेदात यायला हवीत, रक्त थोडंच पण हवं, आणि कारण बदलावं लागेल. संकट बाहेरून यावं लागतं, स्वतःच्या हाताने केलेलं संकट देणगीदारांना पचत नाही. वॉचमनवर घेता येईल, कुणाचं नाव येत नाही. हे सगळं बाई खाटकाच्या दुकानातल्या माणसासारखं, कुठलाही राग न ठेवता सांगत होत्या. पाना म्हणाली, बोटं माझी नाहीत, बाबांची आहेत. बाई म्हणाल्या, मग बाबांना विचार.

तिने विचारलं. संध्याकाळी फोन लावला तेव्हा घरी फोन नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवलेला होता आणि आईबाबा दोघंही त्यात एकदम बोलत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका मिनिटात निकाल दिला.

“देऊन टाक. मला तशीही ती परत मिळणार नाहीयेत.”

“बाबा, तसं नाहीये ते.”

“अगं, चार वर्षांची फी आहे. दोन बोटांत याहून जास्त मिळतं का कुठे? विम्यावाल्यांनी याच्या निम्मंही दिलं नव्हतं.”

तिने सांगितलं की चूक वॉचमनची होती असं लिहायला सांगतायत. तो वॉचमन दवाखान्यात रोज यायचा, बाबा म्हणाले. स्वतः काही खायचा नाही आणि आपल्याला खायला लावायचा. मग म्हणाले, पण तो कुठे हे वाचायला येणार आहे, लिही. आईचा आवाज मागून आला. सहा आठवडे यांच्या शर्टाची बटणं मी लावलीयत, माझं नाव त्या निबंधात कुठे येणार आहे ते आधी सांगा. बाबांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला, तेव्हा ती आणखी जवळ येऊन बोलायला लागली. आईचं म्हणणं एवढंच होतं की पत्र पाहिजे हे खरं, पण पोरीला जे तोंडाने म्हणवत नाही ते तिच्या तोंडात कोंबू नका.

“मी देतोय ना,” बाबा म्हणाले. “माझी वस्तू आहे.”

“तुम्ही दिलीत तरी मी घेणार नाही,” पाना म्हणाली. “तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही येऊन वाचा.”

मुलीने बापाशी असं बोलायचं नसतं, हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं. पुन्हा फोन करून तिने ते सांगितलं. मात्र म्हणणं बदललं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर काम सुरू झालं. संचालकांनी बोलावून घेऊन सांगितलं की नेता तोच जो स्वतःची जखम समाजाला देतो. जखम माझी नाहीये, सर, असं ती म्हणाली. त्यांना ते ऐकू आलं नाही, कारण ते अजून मागच्या रांगेशी बोलत होते. डॉक्टरिणीने सौदा करून बघितला: तू बोटं लिही, मी तुझ्या आवाजाचा निबंध माझ्या नावावर वाचते, म्हणजे तोही वाया जाणार नाही. पाना हसली, आणि नको म्हणाली. बाकीचे अकरा प्रेरणा-विद्यार्थी तिच्याशी एकदम चांगलं वागायला लागले. ती शर्यतीतून आपणहून बाहेर पडत होती, एवढा चांगुलपणा त्यांना परवडत होता.

शेवटचा मसुदा द्यायचा दिवस गुरुवार. बाईंच्या सहीशिवाय वाचायला मिळत नसे. पानाने तोच निबंध चौथ्यांदा, आणखी नीट लिहून आणला होता. बाईंनी पहिली ओळ बघितली आणि पेन टेबलावर ठेवलं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “मला काय हौस आहे का? माझा नवरा दीड वर्ष आजारी होता. गेला. या मुलांकडे काही नसतं, मग मी त्यांना तो देते. दरवर्षी तो कुणाचा तरी काका होतो. गेल्या वर्षी तिघांचा होता. मुलांना चांगली कॉलेजं मिळाली. कुणाचं काय बिघडलं?”

“त्यांना विचारलं होतं?”

“मुलांना?”

“तुमच्या मिस्टरांना.”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ‘आणि त्या क्षणी’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणून बघत होतं, दर वेळी निराळ्या जागी थांबून. बाईंनी पेन उचललं, कागदाच्या तळाशी ‘तपासले’ लिहिलं आणि सही केली. शीर्षकाला हात लावला नाही. मग म्हणाल्या की पत्र आता जवळजवळ गेल्यातच जमा आहे, हे तुला कळतंय ना. पाना म्हणाली, कळतंय. तिचा आवाज बारीक झाला होता, पण कागद तिने दोन्ही हातांनी घेतला.

समारोपाच्या दिवशी लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. आई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, तिथे त्या दिवशी फेरपरीक्षा होती, म्हणून तिला निघता आलं नाही. दारात एका मुलाने आसनांचा तक्ता बघून त्याला पहिल्या रांगेत डावीकडून पहिल्या खुर्चीवर नेलं. तक्त्यावर इतर खुर्च्यांसमोर नावं होती. या खुर्चीसमोर, घाईत असेल, पण नुसतं ‘हात’ लिहिलेलं होतं. लिफ्टवाल्याने ते वाचलं. मेकॅनिकला तक्ता दिसला की तो वाचतोच. थोड्या वेळाने तोच मुलगा परत आला आणि फार अदबीने म्हणाला की काका, डावा हात जरा बाहेरच्या बाजूला ठेवाल का, आणि कृपा करून रुमाल गुंडाळू नका, मागून दिसत नाही.

लिफ्टवाला बरं म्हणाला. तो कुणालाही आधी बरंच म्हणतो.

आठ वळणं वाचून झाली. तीन मृत्यू, तीन आजारपणं, एक पूर, एक घर (विमा नसलेलं). देणगीदार बायकांचे रुमाल ओले झाले होते आणि पुरुष छताकडे बघत होते. मग नववं. सूत्रसंचालकाने ‘तीन बोटांची झेप’ असं जाहीर केलं, सभागृहातून एक सामूहिक उसासा आला, आणि पाना माईकसमोर येऊन म्हणाली की छापलेलं शीर्षक चुकीचं आहे, या निबंधाचं नाव ‘लिफ्ट कशी ऐकावी’ असं आहे.

तिने वाचायला सुरुवात केली. ब्रेकचा आवाज. दोराचा आवाज. दाराच्या रुळाचा. लोक वाट बघत होते. बोटं आता येतील, पुढच्या परिच्छेदात येतील. एका बाईंनी रुमाल तयार ठेवला होता तो दोनदा खाली घेतला. पहिल्या रांगेत लिफ्टवाला पुढे वाकून ऐकत होता, आणि काउंटरवेटचा, म्हणजे लिफ्टला तोलणाऱ्या वजनाचा, भाग आला तेव्हा त्याने मान हलवली, कारण तिने तो बरोबर सांगितला होता. पुस्तकात तो तितका बरोबर नसतो. शेवटी ती म्हणाली की हे सगळं मला बाबांनी शिकवलं, ते समोर बसलेत, आणि त्यांनी तपासलेली लिफ्ट आजवर एकदाही अडकली नाही. एवढंच. नेतृत्व नव्हतंच.

टाळ्या पडल्या, पण पैसे परत मागायचे की नाही ते न ठरलेल्या प्रेक्षकांच्या पडतात तशा.

संचालक माईकपाशी आले. त्यांनी पानाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभागृहाला सांगितलं की ही मुलगी विनयी आहे, खरी कहाणी तिला सांगवत नाही. पण ती कहाणी आज आपल्यात बसलेली आहे. दोन बोटं गमावूनही ज्यांनी लेकीला इथवर आणलं त्या वडिलांनी कृपया उभं राहावं आणि आपला हात वर करावा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

पाना म्हणाली, “सर, नको.” ते माईकमध्ये गेलं आणि सगळ्यांना ऐकू आलं. सगळ्यांना तो विनयच वाटला.

लिफ्टवाला उभा राहिला. त्याने मागे वळून सभागृहाकडे एकदा बघितलं, एखाद्या जिन्याकडे बघावं तसं, किती मजले आहेत याचा अंदाज घेत. मग त्याने डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजवा वर केला.

पाचही बोटं होती. ताणून, नीट वेगवेगळी करून दाखवलेली, शाळेत मुलं हजेरीला दाखवतात तशी.

तिसऱ्या रांगेत एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांच्या शेजारचे गृहस्थ उभे राहिले, मग त्यांची रांग, मग सगळं सभागृह. आणि एका अख्ख्या, धडधाकट हातासाठी जी टाळी झाली ती त्या दिवसातली सगळ्यांत मोठी होती. संचालक माईकमध्ये ‘दुसरा, दुसरा’ म्हणत होते. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नव्हता. लिफ्टवाल्याने टाळ्या थांबेपर्यंत हात वर ठेवला आणि मग खाली बसला.

पत्र पुराच्या निबंधाला मिळालं. पूर खरा होता, मुलगाही चांगला होता. पाना त्याचं अभिनंदन करून आली.

संचालकांनी बापलेकीला कार्यालयात बोलावलं. ते रागावलेले नव्हते, हे ते तीनदा म्हणाले. लोकांना भ्रम होतो, पण देणगीदारांच्या भावना खऱ्या होत्या, त्यामुळे अजूनही काही करता येईल. नियमाप्रमाणे पत्र एकच, पण विशेष बाब म्हणून दुसरं देण्याचा अधिकार आपल्याला आहे. आठवड्याच्या आत निबंध शीर्षकाबरहुकूम लिहून पाठवा, सोबत एक फोटो. कुठल्या हाताचा ते त्यांनी या वेळी स्पष्ट सांगितलं.

लिफ्टवाल्याने मुलीकडे बघितलं. पत्र टेबलापलीकडच्या खणात होतं, एका सहीच्या अंतरावर, आणि ते तिलाच किती हवं आहे हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

“सर,” पाना म्हणाली, “तुम्ही अर्जात विचारलंत म्हणून बाबांनी चूक लिहून दिली. दुसऱ्या कुणाला तसं होऊ नये म्हणून लिहितात ती. विकायला काढलेली नव्हती.”

संचालक म्हणाले, विचार कर. ती म्हणाली, तीन आठवडे तेच केलं. आणि तिने नमस्कार केला, कारण वडील शेजारी उभे होते.

दोघं जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर तिने विचारलं की तुम्ही तर देऊन टाक म्हणाला होतात.

“म्हणालो होतो,” बाबा म्हणाले. “तेव्हा मला वाटलं, तू वाचणार आहेस. हा साहेब तर थेट हातच मागायला लागला.” आणि अर्ध्या जिन्यावर थांबून, “काउंटरवेटचं बरोबर सांगितलंस. ते मी कधी सांगितलं होतं तुला?”

“सांगितलं नव्हतं. मी ऐकलं.”

तळमजल्यावर, वसतिगृहाच्या दाराकडे न वळता, पाना डावीकडे वळली. तिकडे विद्यापीठाचं रोजचं कार्यालय होतं, काच लावलेल्या खिडक्यांचं, जिथे शिबिरातलं कुणी कधी जात नसे. प्रवेशपरीक्षेची खिडकी उघडी होती. आत एक कारकून चहाचा कप झाकून ठेवून काहीतरी टाचत बसला होता. शिबिराचा बिल्ला बघून तो म्हणाला की तुमचं काम वर होतं, पत्राचं. पाना म्हणाली, वरचं झालं. प्रवेशपरीक्षेचा अर्ज मिळेल का?

कारकुनाने चष्मा वर केला. मिळेल, म्हणाला, दीड महिन्यावर परीक्षा आहे, पहिल्या विसांत आलात तर फी माफ, हे दरवर्षीचंच आहे, बाहेर फलकावरही लावलेलं आहे. फलक शिबिराच्या कमानीमागे झाकला गेला होता, एवढंच.

“किती जण बसतात?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“गेल्या वर्षी चार हजार दोनशे.”

लिफ्टवाला खिडकीच्या कट्ट्यावर डावा हात टेकून उभा राहिला. तो हात आता खिशाबाहेर होता. कारकुनाची नजर त्यावर गेली आणि सहज पुढे निघून गेली, कारण त्याला अर्जाचा गठ्ठा सोडायचा होता.

“दोन द्या,” लिफ्टवाला म्हणाला. “एखादा खराब झाला तर असावा हाताशी.”

“एकच द्या,” पाना म्हणाली. “खराब होणार नाही.”